टायटॅनियमचा कोणता ग्रेड घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायटॅनियमच्या टाक्या, हीट एक्स्चेंजर, पाइपिंग आणि जिग (प्लेटिंगच्या टाकीत पार्ट धरणारे सांगाडे) बनवणाऱ्या शॉपमध्ये एस्टिमेशनच्या टेबलावर बसून बरीच वर्षं झाली. खालचे प्रश्न मी बसून रचलेले नाहीत. काही व्हॉट्सॲपवर येतात, काही ईमेलनं, आणि निम्मे तरी फोनवर "साहेब, एकच मिनिट" म्हणून येतात आणि अर्धा तास चालतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवली. ग्रेडचे आकडे एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचे आहेत, कारण आपल्या बाजारात तेच बोलले जातात.

१. ग्रेडचा आकडा जितका मोठा, तितका माल चांगला का?

नाही. आकडा हा फक्त नोंदणीचा क्रम आहे. गट नंबर २३ ची जमीन गट नंबर ५ पेक्षा सुपीक असते का? तसंच इथे. ग्रेड १ ते ४ म्हणजे मिश्रण न केलेलं टायटॅनियम. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, म्हणून त्याला सगळे 'सिक्स-फोर' म्हणतात. ग्रेड ७ म्हणजे ग्रेड २ मध्ये चिमूटभर पॅलेडियम. ताकदीत तो ग्रेड ५ च्या निम्माही नाही, पण गरम ॲसिडमध्ये ग्रेड ५ त्याच्या जवळपासही येत नाही. ग्रेड २३ हा ग्रेड ५ चाच जास्त शुद्ध भाऊ. तेव्हा "वरचा ग्रेड द्या" या वाक्याला आमच्या धंद्यात काही अर्थ नाही.

२. ग्रेड १, २, ३, ४ सगळे 'प्युअर' आहेत, मग फरक कशाचा?

मुख्यतः ऑक्सिजनचा, थोडा लोखंडाचा. ऑक्सिजनची कमाल मर्यादा ग्रेड १ ला ०.१८ टक्के, २ ला ०.२५, ३ ला ०.३५ आणि ४ ला ०.४० टक्के. एवढ्याशा फरकानं किमान टेन्साइल, म्हणजे तुटेपर्यंत ताण सोसण्याची ताकद, अनुक्रमे २४०, ३४५, ४५० आणि ५५० मेगापास्कलवर जाते. ताकद वाढली की लवचीकपणा कमी होतो, हा सौदा ठरलेला.

म्हणून ज्याला खोल दाबायचं, वळवायचं, त्याला ग्रेड १. प्लेट हीट एक्स्चेंजरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या नक्षीदार प्लेटा त्यातूनच दाबतात. ग्रेड २ मधल्या जागेवर, सर्वसाधारण कामाचा. ग्रेड ३ आमच्याकडे वर्षातून एखाद वेळा विचारला जातो. ग्रेड ४ वैद्यकीय भाग आणि काही ताकदीच्या सुट्या भागांत जातो, टाकीच्या कामात नाही. गंजाच्या बाबतीत चौघं जवळपास सारखेच. ग्रेड २ ला जिथे खड्डे पडतात तिथे ग्रेड ४ घालून काही मिळत नाही.

३. एवढं वाचायला वेळ नाही. सरळ सांगा, कोणता घेऊ?

ग्रेड २. समुद्राचं पाणी, थंड ब्राइन (मिठाचं पाणी), ओलं क्लोरीन, नायट्रिक ॲसिड, हायपोक्लोराइट, ॲसेटिक ॲसिड अशा कामांत बहुतेक वेळा तोच बरोबर उत्तर असतो. शीट-प्लेट बी २६५, ट्यूब बी ३३८, बार बी ३४८, सीमलेस पाइप बी ८६१, वेल्डेड पाइप बी ८६२ या स्पेसिफिकेशनमध्ये तो सहज मिळतो. मुंबईत सी. पी. टँक, खेतवाडीच्या धातुबाजारात फोन फिरवलात तर संध्याकाळपर्यंत जाडी-साइजची यादी हातात येते. बाकी बऱ्याच ग्रेडांचं तसं नाही. दहा किलोचा तुकडा लागला तरी मिलचा किमान ऑर्डर, आयात आणि महिने.

पण द्रव ७० अंशांच्या वर तापत असेल, क्लोराइड असेल आणि गॅस्केट असेल, तर प्रश्न ७ वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

४. विचारणा पाठवताना काय काय कळवायचं?

ग्रेड शेवटी कळवा, किंवा कळवूच नका. आधी द्रव कोणता आणि किती टक्के. मग तापमान: रोजचं, आणि स्टीम व्हॉल्व्ह अडकला तर चढेल तेही. मग ऑक्सिजन किंवा दुसरा ऑक्सिडायझर आहे का. फ्लोराइड आहे का, अगदी थोडं का असेना. दाब, व्हॅक्यूम. जोड कुठे, गॅस्केट कशाचं.

आणि जी गोष्ट दहातले नऊजण लिहीत नाहीत ती: धुता कशानं? ग्रेड २ चा एक्स्चेंजर चार वर्षं निमूट चालला आणि एका शटडाउननंतर नळ्या चाळणी झाल्या, असं मी पाहिलं आहे. प्रोसेस तीच, माणसं तीच. स्केल काढायला कंत्राटदारानं नवं केमिकल आणलं होतं, त्याच्या डब्यावर बारीक अक्षरात अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं. ॲसिडसोबत फ्लोराइड आलं की टायटॅनियमचं कवच विरघळतं, ग्रेड कुठलाही असो. त्या कारखान्याच्या डेटाशीटमध्ये 'क्लीनिंग' हा रकाना होता. रिकामा होता.

५. ग्रेड ५ सगळ्यांत प्रसिद्ध आहे. मग टाकी ग्रेड ५ ची का नको?

विमानामुळे प्रसिद्ध आहे. किमान टेन्साइल ८९५ मेगापास्कल, म्हणजे ग्रेड २ च्या अडीचपट. पण टाकी बनवताना प्लेट रोल करायची, डिशएंड (टाकीचं बशीसारखं टोक) दाबायचा, नोझल (पाइप जोडायची तोंडं) बसवायचे. ग्रेड ५ थंड अवस्थेत वाकायला तयार नसतो, त्याला तापवावं लागतं, आणि वाकवल्यावरही स्प्रिंगसारखा परत येतो. वेल्डिंगनंतर त्याला बहुधा स्ट्रेस रिलीफ, म्हणजे तापवून आतला ताण काढणं, लागतो. पातळ नळी ओढणं तर त्याहून कटकटीचं. एवढं करून गंजाला तो ग्रेड २ पेक्षा चांगला नाही. उलट ॲसिडमध्ये थोडा मागेच.

त्याची खरी जागा शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्टेम, इंपेलर, बोल्ट, स्प्रिंग, वेगानं फिरणारे भाग. ताकदवान नळीच हवी असेल तर मधला मार्ग ग्रेड ९, ३ टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियमचा. तो थंड ओढता येतो आणि ६२० मेगापास्कल देतो. विमानांच्या हायड्रॉलिक नळ्या आणि महागड्या सायकलींच्या फ्रेम त्याच्याच.

६. टायटॅनियम स्टीलपेक्षा मजबूत असतं ना? मग जाडी निम्मी करून पैसे वाचवू.

हा गैरसमज ग्रेड ५ च्या कीर्तीवर जगतो. ग्रेड २ ची किमान टेन्साइल ३४५, एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ ची ५१५. यील्डमध्ये, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याआधीच्या ताकदीत, मात्र ग्रेड २ पुढे आहे, २७५ विरुद्ध २०५. पण जाडी नुसत्या ताकदीवर ठरत नाही. टायटॅनियमचा कडकपणा, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस, स्टीलच्या जवळपास निम्मा. सगळ्या ग्रेडांचा साधारण तेवढाच, ग्रेड ५ चासुद्धा. व्हॅक्यूममध्ये टाकी आत चेपते ती कडकपणा कमी पडल्यामुळे. तिथे ग्रेड बदलून जाडी वाचत नाही, बाहेरून रिंगा द्याव्या लागतात.

दुसरं, तापमान. ३०० अंशांपर्यंत पोचता पोचता ग्रेड २ ची ताकद निम्म्याच्या आसपास येते. एएसएमईच्या प्रेशर व्हेसल कोडमध्ये या ग्रेडांची मर्यादाच ३१६ अंश आहे.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. टायटॅनियमची घनता ४.५१, एसएसची साधारण ८. एक चौरस मीटर, ३ मिमी जाडीची प्लेट घ्या: टायटॅनियम साडेतेरा किलो, एसएस चोवीस किलो. किलोचा भाव ऐकून घाबरू नका, चौरस मीटरचा भाव काढा. शिवाय गंजासाठी जादा जाडी बहुधा द्यावी लागत नाही.

७. ग्रेड २ ला गंज लागत नाही म्हणतात, मग आमच्या फ्लँजला खड्डे कसे पडले?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि ग्रेड निवडीतली निम्मी पैशांची चूक इथेच होते.

कोकणातल्या एका कारखान्यात ब्राइन हीटर उघडला तेव्हा मी समोर होतो. बोल्ट काढले, गॅस्केट उचललं. खाली राखाडी-पांढरी भुकटी. कापडानं पुसली तर गॅस्केटच्या रेघेत करंगळीचं नख बसेल एवढाले खड्डे. तिथून दोन बोटं आत, जिथे तीच गरम ब्राइन दिवसरात्र वाहत होती, तिथे मशीनिंगच्या रेघा जशाच्या तशा चमकत होत्या. मेंटेनन्सच्या माणसानं मला विचारलं, "माल डुप्लिकेट दिलात का?"

माल डुप्लिकेट नव्हता. टायटॅनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असतं, आणि ते शाबूत राहायला थोडा ऑक्सिजन किंवा ओलावा लागतो. गॅस्केटखालच्या फटीत द्रव शिरतो पण हलत नाही. तिथला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचतो, आणि त्या चिमूटभर जागेत द्रव आम्लधर्मी होत जातो. बाहेरच्या ब्राइनचा पीएच ७ असला तरी फटीतला १ च्या आसपास येऊ शकतो. मग कवच फुटतं. ग्रेड २ साठी हा धोका साधारण ७०-८० अंशांच्या वर सुरू होतो, आणि द्रव मुळातच आम्लधर्मी असेल तर त्याच्याही अलीकडे.

फट म्हणजे फक्त गॅस्केट नव्हे. ट्यूब आणि ट्यूबशीट (नळ्यांची टोकं धरणारी भोकांची प्लेट) यांच्यामधली नुसती एक्स्पांड केलेली, म्हणजे नळी फुगवून बसवलेली जागा, मिठाच्या थराखालचा भाग, लॅप जॉइंट, बोल्टचं डोकं, या सगळ्या फटीच. टेफ्लॉनचं गॅस्केट या बाबतीत जास्त त्रास देतं.

उपाय दोन. डिझाइनमध्ये फटी कमी करा, म्हणजे ट्यूब नुसती एक्स्पांड न करता सील-वेल्ड करा. आणि जिथे फट टाळता येत नाही, तिथे ग्रेड बदला. अख्खा हीटर बदलायची गरज नसते. त्या कारखान्यात आम्ही फक्त फ्लँजच्या तोंडावर ग्रेड ७ चा थर वेल्ड करून दिला, बाकी ग्रेड २ तसाच ठेवला.

८. ग्रेड ७, ११, १६, १७, २६, २७ यांत आमच्या डोक्याचा भुगा झाला. फरक सांगा.

वाटतो तेवढा गुंता नाही. या सगळ्यांत प्लॅटिनम गटातला एखादा धातू अगदी थोडा घातलेला असतो. ग्रेड ७ मध्ये ०.१२ ते ०.२५ टक्के पॅलेडियम. पॅलेडियम महाग, म्हणून ते कमी करून ०.०४ ते ०.०८ टक्क्यांवर आणलेला तो ग्रेड १६. पॅलेडियमऐवजी तुलनेनं स्वस्त रुथेनियम घातलं की ग्रेड २६. या तिघांची ताकद ग्रेड २ सारखी. त्यांचीच मऊ, ग्रेड १ च्या ताकदीची भावंडं अनुक्रमे ११, १७ आणि २७.

फटीतल्या गंजासाठी ग्रेड १६ किंवा २६ बहुतेक ठिकाणी पुरतो. ग्रेड ७ खऱ्या ॲसिडच्या कामासाठी राखून ठेवा. व्यवहारात मात्र ज्याची प्लेट हातात मिळते तो घेतला जातो, आणि ती बहुधा ग्रेड ७ ची असते.

९. ग्रेड १२ स्वस्तात ग्रेड ७ चं काम करतो, असं सप्लायर सांगतो. खरं का?

अर्धं खरं. ग्रेड १२ मध्ये ०.३ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.८ टक्के निकेल. महाग धातू नाही, म्हणून ग्रेड ७ पेक्षा बराच स्वस्त. ताकद जास्त, किमान टेन्साइल ४८३ मेगापास्कल. गरम ब्राइनमध्ये फटीचा गंज तो छान थोपवतो. पण द्रव पीएच ३ च्या खाली गेला की त्याचा भरवसा कमी होतो, आणि हायड्रोक्लोरिकसारख्या ॲसिडमध्ये तो ग्रेड ७ ची बरोबरी करत नाही. मिठाच्या बाष्पकाला ग्रेड १२, ॲसिडच्या कामाला ग्रेड ७.

१०. हायड्रोक्लोरिक ॲसिडला टायटॅनियम चालेल का?

किती टक्के आणि किती गरम, यावर. शुद्ध हायड्रोक्लोरिक साध्या तापमानाला ग्रेड २ सुमारे ७ टक्क्यांपर्यंत सोसतो, ग्रेड ७ सुमारे २५ टक्क्यांपर्यंत. उकळत्या ॲसिडमध्ये ग्रेड २ ची मर्यादा अर्ध्या टक्क्याजवळ, ग्रेड ७ ची ४-५ टक्क्यांजवळ. म्हणजे "१० टक्के, ८० अंश" अशी विचारणा आली की मी ग्रेडची चर्चा न करता ग्लास-लाइन्ड, ग्रॅफाइट किंवा टँटलमकडे बोट दाखवतो. ऑर्डर जाते, पण नंतरचे फोन वाचतात. सल्फ्युरिकचीही तऱ्हा तशीच.

यात एक गंमत आहे. ॲसिडमध्ये फेरिक लोखंड किंवा तांब्याचे आयन अगदी शंभर पीपीएमच्या आतबाहेर असले तरी ग्रेड २ चं कवच टिकतं. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध ॲसिडचे तक्ते आणि प्लांटमधला अनुभव जुळत नाहीत. या गंमतीचा धोका शेवटच्या प्रश्नात आहे.

११. क्लोरीनला टायटॅनियम उत्तम म्हणतात, मग आमची एमएसची (साध्या स्टीलची) लाइन टायटॅनियमची करायला तुम्ही नाही का म्हणालात?

कारण ती लाइन कोरड्या क्लोरीनची होती. ओल्या क्लोरीनमध्ये टायटॅनियमसारखा दुसरा धातू नाही. क्लोर-अल्कली प्लांटमधले ओल्या क्लोरीनचे कूलर, सेलमधले ॲनोड, सगळं टायटॅनियमचं. पण तोच वायू सल्फ्युरिक ॲसिडच्या टॉवरमधून कोरडा होऊन बाहेर पडला की गणित उलटतं. साधारण एक टक्का ओलावा नसेल तर क्लोरीन टायटॅनियमवर तुटून पडतं आणि धातू पेटू शकतो. तिथे साधा कार्बन स्टीलचा पाइपच बरोबर. हे सगळ्या ग्रेडांना लागू आहे, ग्रेड ७ लाही.

१२. आणखी कुठे कुठलाच ग्रेड चालत नाही?

फ्लोराइडचं प्रश्न ४ मध्ये आलंच. निर्जल मिथेनॉलमध्ये टायटॅनियमला ताणाखाली तडे जातात. दोनेक टक्के पाणी घातलं की हा त्रास थांबतो. फार्माच्या लोकांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण त्यांचं मिथेनॉल जितकं चांगलं तितकं कोरडं. लाल धुराचं नायट्रिक ॲसिड, ज्यात पाणी जवळजवळ नसतं, ते टायटॅनियमसोबत स्फोटक ठरू शकतं, जरी साध्या नायट्रिकमध्ये ग्रेड २ मजेत नांदतो. शुद्ध ऑक्सिजनच्या दाबाखालच्या लाइनला तर विचारूच नका, तिथे एक ठिणगी पुरते. क्लोरीन, मिथेनॉल, नायट्रिक, तिन्हीकडे गोष्ट एकच आहे: पाण्याचा अंश गेला की कवच दुरुस्त होत नाही.

१३. समुद्राच्या पाण्याच्या कूलरला ग्रेड २ पुरेल ना?

पुरेल. साध्या कूलिंगच्या तापमानाला समुद्राचं पाणी ग्रेड २ चं काही बिघडवत नाही. रेती आली, वेग वाढला, तरीही. अडचण असते ती त्याच्या शेजाऱ्यांची. टायटॅनियमच्या नळ्या जुन्या पितळी ट्यूबशीटमध्ये बसवल्या की ट्यूबशीट झिजायला लागते, कारण गॅल्व्हॅनिक जोडीत टायटॅनियम वरचढ. ती वाचवायला कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखायला दिलेला विजेचा प्रवाह) लावलं आणि व्होल्टेज जास्त ओढलं, तर नळ्यांच्या तोंडांत हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होतात. मर्यादा साधारण उणे ०.७५ व्होल्टची धरा. बजेट असेल तर ट्यूबशीटच टायटॅनियमची किंवा टायटॅनियम-क्लॅड (स्टीलवर टायटॅनियमचा थर चिकटवलेली) घ्या.

तांबे-निकेलच्या नळ्या काढून टायटॅनियमच्या पातळ नळ्या घालत असाल तर जुन्या सपोर्ट प्लेटांमधलं अंतर तपासा. नवी नळी पातळ आणि लवचीक, थरथरते, आणि सपोर्टच्या भोकात घासून कापली जाते. शिंपले आणि शेवाळ तांब्याला बिचकतात, टायटॅनियमवर खुशाल वस्ती करतात. क्लोरिनेशन बंद करू नका.

१४. वेल्डिंगला कोणती फिलर वायर? आणि निळा रंग आला तर चालतो का?

वायर मूळ ग्रेडच्या जोडीची. ग्रेड २ ला ईआरटीआय-२, ग्रेड ७ ला ईआरटीआय-७. ग्रेड ७ च्या फ्लँजवर ग्रेड २ ची वायर वापरणं म्हणजे पैठणीला गोणपाटाचा काठ. नेमका वेल्डच आधी जातो.

रंगाचं विचाराल तर चांदीसारखा चकचकीत उत्तम, फिकट पिवळसर चालतो. जांभळा-निळा म्हणजे हवा रोखणारा आर्गन वायू कमी पडला, आणि तिथे पुढचा पास घेऊ नये. राखाडी किंवा पांढरी भुकटी म्हणजे जोड कापून टाका. वेल्ड ४०० अंशांच्या खाली येईपर्यंत त्याला पुढून, मागून आणि आतून आर्गन लागतो, किमान ९९.९९५ टक्के शुद्धतेचा. एकदा अख्ख्या शिफ्टचे जोड निळे आले. वेल्डर तोच, सिलिंडर तोच, सगळे चक्रावले. शेवटी कळलं, मे महिन्यात कुणीतरी पलीकडच्या बेवर (शॉपच्या शेजारच्या भागात) मोठा पेडेस्टल फॅन लावला होता. इन्स्पेक्टर यायच्या आधी वायर ब्रशनं रंग घासून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत. रंग जातो, ठिसूळपणा आतच राहतो.

टायटॅनियम आणि स्टील सरळ एकमेकांना वेल्ड होत नाहीत. मध्ये ठिसूळ संयुगं तयार होतात. म्हणून मोठ्या रिॲक्टरला स्फोटानं चिकटवलेली क्लॅड प्लेट किंवा सैल लायनिंग वापरतात.

१५. पीएमआय गननं (धातूतली मूलद्रव्यं दाखवणाऱ्या यंत्रानं) तपासलं, 'टीआय ९९.८' आलं. मग हा ग्रेड २ आहे हे नक्की ना?

नाही. ती गन ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन, हायड्रोजन बघूच शकत नाही, आणि ग्रेड १ ते ४ मधला फरक तर ऑक्सिजनचा (प्रश्न २). तिला चौघंही सारखेच दिसतात. ग्रेड ५ आणि २३ मध्येही ती फसते. पॅलेडियम, मॉलिब्डेनम, ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मात्र कळतं. म्हणजे ग्रेड ७, १२ आणि ५ ओळखायला गन ठीक. ग्रेड २ साठी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, प्लेटवरचा हीट नंबर (माल कोणत्या वितळणीतला, म्हणजे हीटमधला, ते सांगणारा) त्याच्याशी जुळलेला, आणि शंका असेल तर लॅबमध्ये ऑक्सिजनची आणि टेन्साइलची चाचणी. प्लेट कापताना हीट नंबर उरलेल्या तुकड्यावर लगेच उतरवा. उद्या उतरवू म्हटलं की तो तुकडा अनाथ झाला.

१६. सर्टिफिकेटवर 'ग्रेड १/ग्रेड २' दोन्ही लिहिलंय. फसवणूक आहे का?

नाही. एखादी हीट दोन्ही ग्रेडांच्या मर्यादांत एकाच वेळी बसू शकते. ऑक्सिजन-लोखंड ग्रेड १ इतकं कमी, यील्ड ग्रेड १ च्या कमाल ३१० च्या आत आणि ग्रेड २ च्या किमान २७५ च्या वर. तुमच्या ड्रॉइंगमध्ये जो ग्रेड आहे त्याचे सगळे आकडे जुळले की झालं. 'ग्रेड २एच' दिसला तरी दचकू नका. तो ग्रेड २ च, फक्त किमान टेन्साइल ३४५ ऐवजी ४०० ची हमी. कोडच्या गणितात त्यामुळे थोडी जाडी वाचते.

१७. अनोडायझिंगचे जिग आणि प्लेटिंगच्या बास्केटला कोणता?

ग्रेड २, किंवा वळणं फार असतील तर ग्रेड १. भोसरी-चाकणकडून या चौकशा रोज येतात. सल्फ्युरिक अनोडायझिंगच्या टाकीत टायटॅनियमचा जिग वर्षानुवर्षं चालतो, कारण ॲल्युमिनियमसारखा तो दर खेपेला खाल्ला जात नाही. फक्त त्याच जिगसकट पार्ट फ्लोराइडच्या एचिंगमध्ये बुडवत नाही ना, ते पाहा. फ्लोबोरेटच्या बाथलाही तेच.

१८. इम्प्लांटसाठी ग्रेड ५ चालेल की २३ च हवा?

हाडात बसणाऱ्या भागांसाठी सहसा एएसटीएमचं एफ १३६ हे स्पेसिफिकेशन मागतात, म्हणजे ग्रेड २३ चं रसायन. ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांच्या आत, त्यामुळे तडा जायला जास्त विरोध. पण इम्प्लांटच्या कामात औद्योगिक बार कुणाच्या सांगण्यावरून वापरू नका. तिथे ग्रेडपेक्षा कागदपत्रांची साखळी मोठी.

१९. ग्रेड बदलला की मशीनिंग बदलतं का?

बदलतं. ग्रेड २ चिकट असतो, टूलला लोंबतो. ग्रेड ५ कडक, आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही, सगळी टूलच्या टोकावर. दोन्हीकडे वेग कमी, फीड भरपूर, टूल धारदार, कूलंट मुबलक. बारीक चिप्सचा ढीग साचू देऊ नका. तो पेटला तर पाणी मारू नका, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचा डी वर्गाचा एक्स्टिंग्विशर वापरा.

२०. भारतीय टायटॅनियम मिळतं का? कोकणच्या किनाऱ्यावर तर खनिज आहे म्हणतात.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, खरं. पण वाळू ते प्लेट हा प्रवास लांबचा. केरळात चवरा इथे केएमएमएल या सरकारी कंपनीचा वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंज (कच्चं, सच्छिद्र टायटॅनियम) प्लांट २०११ मध्ये सुरू झाला, तंत्र हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेचं, पाठबळ इस्रोच्या व्हीएसएससीचं. हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी टायटॅनियम वितळवून बार-प्लेट करते, बरंचसं अवकाश आणि संरक्षणासाठी. रासायनिक कारखान्यांच्या ग्रेड २ साठी बाजार अजून मुख्यतः आयातीवर चालतो.

२१. जुना ग्रेड २ चा एक्स्चेंजर वीस वर्षं चालला. तसाच नवा बनवला तर दोन वर्षांत गळला. ग्रेड तोच, ड्रॉइंग तेच. असं कसं?

असे फोन आले की मी आधी विचारतो, आजूबाजूला काय बदललं? बहुतेकदा उत्तर येतं, "काही नाही." मग हळूहळू बाहेर येतं की एक्स्चेंजरच्या आधीची एमएसची टाकी गंजायची म्हणून काढून एफआरपीची (फायबरग्लासची) बसवली.

ती गंजणारी टाकीच एक्स्चेंजर सांभाळत होती. तिच्यातून सुटणारं लोखंड फेरिक होऊन ॲसिडमध्ये जायचं आणि ग्रेड २ चं कवच शाबूत ठेवायचं (प्रश्न १०). टाकी बदलली, द्रव स्वच्छ झाला, लोखंड गेलं, कवच गेलं. लॅबच्या अहवालात ॲसिड आधीपेक्षा शुद्ध आलेलं असतं आणि सगळे त्यावर खूश असतात.

उलटही घडतं. जुन्याच्या शेजारी टायटॅनियम होतं, नव्याला एमएसचा सपोर्ट सरळ जोडला. द्रव ८० अंशांच्या आसपास आणि आम्लधर्मी असेल तर स्टील गंजताना तयार होणारा हायड्रोजन टायटॅनियम पिऊन घेतं. नळी वरून नवीकोरी दिसते आणि हातोडीच्या हलक्या टोल्यानं काचेसारखी तुटते. वेल्डिंगच्या वेळी स्टीलच्या ब्रशचे किंवा ग्राइंडरचे लोखंडी कण पृष्ठभागात रुतले तरी त्या ठिपक्यांपाशी हेच सुरू होतं. म्हणून आमच्या शॉपमध्ये टायटॅनियमचे ब्रश वेगळे आहेत, त्यांच्या दांड्यांना निळा रंग लावलाय, आणि ते एमएसच्या बेवर सापडले तर ज्याच्या हातात सापडले त्याचा त्या दिवसाचा चहा बंद.